बांगड्यांच्या नळीचे फोटो: कुठला दोष काढायचा, कुठला ठेवायचा

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. माळा आवरताना त्यांना एक शोभादर्शक सापडला. त्या चौथीत असताना वडिलांनी करून दिलेला. पुठ्ठ्याची नळी, आत काळ्या कागदात गुंडाळलेल्या साध्या काचेच्या तीन पट्ट्या, टोकाला बटर पेपर आणि आईच्या बांगड्यांचे तुकडे. या नळीवर दहा-बारा छायाचित्रांची मालिका करावी, जमलं तर प्रदर्शनात लावावी असं त्यांच्या मनात आहे. पण फोन लावून फोटो काढला की मधोमध रुपयाएवढं वर्तुळ येतं, भोवती अंधार, आणि वर्तुळातही सगळं धुरकट. वर भाच्याने फोनमधल्या ॲपमध्ये कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो टाकून पाच सेकंदांत तशीच नक्षी करून दाखवली. तर या खटपटीत अर्थ आहे का, आणि असेल तर करायचं कसं?

मी ठाण्यात राहतो. पंचवीसेक वर्षं वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांसाठी नट-बोल्ट, व्हॉल्व्ह आणि औषधांच्या बाटल्यांचे कॅटलॉगचे फोटो काढले. उरलेल्या वेळात काचा आणि आरशांशी खेळत आलो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

भाच्याचं आधी घेऊ. ॲप फोटोतला एक त्रिकोण कापतं, उलटा करून शेजारी चिकटवतं, आणि असं करत गोल पुरा करतं. सगळे त्रिकोण एकाच जागेवरून पाहिलेले. नळीत तसं होत नाही. आरशातलं प्रतिबिंब म्हणजे तीच वस्तू दुसऱ्या जागेवरून पाहणं. नळी २० सेंमी लांब आणि पट्टी ४ सेंमी रुंद धरली, तर पहिल्या प्रतिबिंबातला तुकडा तुम्ही सहा-सात अंश बाजूला सरकून पाहत असता, पुढच्या प्रतिबिंबात आणखी बाजूने. बांगडी जाड, गोल आणि चकाकणारी. मूळ तुकड्यावरची चमक शेजारच्या प्रतिबिंबात जागा सोडते, कधी नाहीशीच होते, आणि तिथे काचेची एरवी न दिसणारी कड उजळते. एका तुकड्याला सहा बाजूंनी पाहिलेलं असतं ते. कोथिंबीर ॲपमध्ये छान दिसली याचं कारण कोथिंबीर कुठूनही पाहिली तरी कोथिंबीरच दिसते. भाच्याला म्हणावं, तुझ्या ॲपमध्ये बिलोरी काकण टाकून बघ.

हा फरक कागदावर उतरला तरच तुमची मालिका उभी राहील. त्यासाठी मी स्वतःपुरता एक नियम केलाय: कॅमेऱ्यामुळे आलेला दोष काढायचा, खेळण्यामुळे आलेला ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात कुठला दोष कुणाचा, हे ओळखण्यातच सगळं कसब आहे.

ते रुपयाएवढं वर्तुळ कॅमेऱ्याचा दोष. दाराच्या भोकाला डोळा टेकवला तर आतली खोली दिसते, चार बोटं मागे सरकलं की नुसतं भोक दिसतं. लेन्सचंही तेच. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये प्रकाश आत घेणारी खरी जागा पुढच्या काचेपासून बरीच खोल असते. म्हणून महागडा कॅमेरा इथे फोनपेक्षा वाईट चालतो. फोनची लेन्स इवलीशी आणि अगदी पृष्ठभागाशी असते, ती भोकाला जवळजवळ टेकते. तरीही वर्तुळ येत असेल तर बहुधा तीन-चार लेन्सपैकी भलतीच लेन्स भोकासमोर आहे. जवळची वस्तू दिसली की बरेच फोन आपणहून वाइड लेन्सवर उडी मारतात. ती सोय सेटिंगमध्ये बंद करा, मुख्य लेन्स भोकाच्या बरोब्बर मध्यावर आणा आणि बोट दाबून धरून फोकस लॉक करा. धुरकटपणा फोन आणि नळीच्या फटीतून शिरणाऱ्या उजेडाचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची किंवा काळ्या स्पंजची चकती कापून मध्ये बसवली की निम्मं धुकं जातं.

एक गोष्ट मात्र आयती तुमच्या बाजूने आहे. तुकडे पट्ट्यांच्या टोकाला टेकलेले असतील तर सगळी प्रतिबिंबं मूळ तुकड्यांच्याच पातळीत असतात. एकदा मधल्या त्रिकोणावर फोकस केला की कडेपर्यंत साधतं. तुकडे आणि पट्ट्यांमध्ये फट राहिली तर मात्र सांध्यावर नक्षी तुटते. हे मी शोधलेलं नाही. ज्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हे खेळणं जगाला दिलं, त्या डेव्हिड ब्रूस्टरनेच ते सांगून ठेवलंय. १८१६ मध्ये प्रकाशाचे प्रयोग करताना त्याला ही कल्पना सुचली, १८१७ मध्ये पेटंट मिळालं, पण लोकांनी नकला करून बाजार भरला. त्याच्या अटी अशा: दोन आरशांमधला कोन ३६० ला सम संख्येत नेमका भागणारा हवा, वस्तू आरशांच्या टोकाशी हवी, आणि डोळा कोनाच्या टोकाजवळ हवा. दोन आरसे ६० अंशांत ठेवले तर सहा पाकळ्या, ४५ मध्ये आठ, ३० मध्ये बारा. ७२ ला पाच भाग होतात, पण समोरासमोरच्या कडा जुळत नाहीत. दोन आरशांत एकच गोल फूल दिसतं. तुमच्यासारख्या तीन सारख्या पट्ट्यांत फूल संपतच नाही, सगळीकडे पसरत जातं.

पसरत जातं आणि अंधारत जातं. इथून खेळण्याचे दोष सुरू होतात, म्हणून जरा थांबतो.

तुमच्या नळीत आरसे नाहीत, साधी काच आहे. साधी काच समोरून पाहिली तर एका पृष्ठावरून जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकते. नळीत प्रकाश तिच्यावर अगदी तिरका, घसटून जातो, आणि अशा तिरक्या प्रकाशाला तीच काच साधारण निम्मा परत फेकते. म्हणजे मधला त्रिकोण उजळ, शेजारचे निम्म्या उजेडाचे, त्यांच्या पलीकडचे त्याहून काळसर, आणि दोन-तीन घरं गेली की काळोख. शिवाय काचेला दोन पृष्ठं. दोन्हींवरून प्रतिबिंब येतं, म्हणून तुकड्याच्या कडेला एक फिकी जोडरेघ दिसते. लहानपणी डोळा लावल्यावर दिसायचं ते हेच: मध्ये पेटलेलं आणि कडेला विझत गेलेलं. फोनचं सॉफ्टवेअर तो काळोख लगेच उजळवायला धावतं. त्याला आवरा. एक्स्पोजर मधल्या त्रिकोणावर लावून वर थोडं कमीच ठेवा आणि एचडीआर, म्हणजे काळोख आपोआप उजळवणारी सोय, बंद करा.

मी हे सगळं उलटं करून बसलो होतो. पहिल्या खेपेला म्हटलं, साध्या काचा कशाला? भंगारवाल्याकडून जुने स्कॅनर आणले. त्यांच्या आत लांबट आरशाच्या पट्ट्या असतात, त्यांचा चकचकीत थर मागे नसून पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे जोडरेघ येत नाही. (कुणाला हव्या असतील तर त्याच घ्या, उत्तम असतात. पण फडक्याने पुसू नका, नुसती फुंकणीने धूळ उडवा.) कोन मोजून ६० चा बसवला, चारेकशे फोटो काढले, त्यातले सहा दोन फुटांच्या कागदावर छापून घरी भिंतीला टेकवून ठेवले. शेजारच्या वहिनी आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुंदरच. पण हे साडीचं आहे की टाइल्सचं?" खरं होतं त्यांचं. सगळी घरं सारखीच उजळ, एकही कड चुकलेली नाही, नजर कुठेच थांबत नाही. कॅटलॉगवाल्या हाताने खेळण्याचा कॅटलॉग केला होता.

मग साध्या काचेकडे परत आलो आणि ब्रूस्टरच्याच विषयातली एक गंमत हाताला लागली. साध्या काचेवरून तिरका परतलेला प्रकाश अंशतः ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी जास्त करून एकाच दिशेत हलतात. कॅमेऱ्यावर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेच्या लहरी आत सोडणारी काच, लावून हळूहळू फिरवला तर तीनपैकी एका पट्टीची प्रतिबिंबं उजळतात आणि बाकीच्यांची मंदावतात. आणखी फिरवला की दुसऱ्या पट्टीची पाळी. नळी न हलवता, एकही तुकडा न सरकता, फूल एका बाजूने उमलल्यासारखं दिसतं. आरशांच्या नळीत हे जवळपास होत नाही. फोन वापरत असाल तर पोलरॉइड गॉगलची काच मध्ये धरूनही काम भागतं. या एका युक्तीवर चार-पाच चित्रं सहज होतील, आणि ती कुठल्याही ॲपमधून निघणार नाहीत.

वडिलांची मूळ नळी उघडू नका. त्यांनी दोऱ्याने पट्ट्या बांधल्या असतील तर कोन नेमका ६० चा नसणार, आणि तो चुकलेला कोनच तुमच्या नळीची ओळख आहे. एका बाजूची पाकळी जरा रुंद येते ना? ती तशीच हवी. प्रयोगांसाठी दुसरी नळी करा. कुठल्याही काचवाल्याकडे तीन मिलिमीटर जाडीच्या, २० बाय ४ सेंमीच्या तीन पट्ट्या कापून मिळतात. कडा घासून घ्या, नाहीतर बोटं कापतील. पट्ट्यांच्या मागे काळा कागद.

आता आत काय घालायचं. बांगड्यांचे तुकडे विकत आणायची गरज नाही. बांगड्या भरताना जी हातातच वाढते तिचे पैसे कासार घेत नाही, आणि ते तुकडे त्याच्याकडे एखाद्या डब्यात साठलेले असतात. जांभळी नाक्याच्या बाजारात मला मूठभर तुकडे असेच मिळाले. तिथे "फुटक्या बांगड्या आहेत का" असं मात्र विचारू नका. माझ्या आईने बांगडी कधी फोडली नाही, नेहमी वाढवली. तुकडे निवडताना उजेडासमोर धरून बघा. सोनेरी चमकीच्या आणि वर्ख लावलेल्या बांगड्या हातात झगमगतात, पण मागून उजेड आला की ठार काळ्या. जाड गर्द हिरवी बांगडीसुद्धा नळीत जवळपास काळीच दिसते. पातळ हिरवी, डाळिंबी आणि निळी या उत्तम. सगळे रंग एकदम घालायचा मोह होईल. दोनच रंग घ्या आणि एखादा तुकडा रंगहीन काचेचा. नळीच्या टोकाची, तुकडे ठेवायची डबी एक तृतीयांशच भरा, आठ ते बारा तुकडे पुरे. जास्त झाले की हलवल्यावर जागचे हलत नाहीत.

बांगड्यांपलीकडे जायचं असेल तर तुमच्या स्वतःच्या लहानपणातलं काहीतरी घाला, ज्यातून उजेड आरपार जाईल असं. गोळीचा रंगीत पारदर्शक कागद. वहीत ठेवून जाळी झालेलं पिंपळाचं पान: हे तर नळीसाठीच जन्माला आलंय, त्याच्या शिरा प्रतिबिंबात एकमेकींना जोडल्या जातात. मी लोकलच्या जुन्या कुपनांचे तुकडे घालून पाहिले, आठवण म्हणून. कागद मागच्या उजेडात नुसता काळा डाग दिसला. आठवण कितीही दाटून आली तरी उजेड आरपार गेला पाहिजे.

डबीत औषधांच्या दुकानातून आणलेलं ग्लिसरीन भरलं तर तुकडे सावकाश खाली येतात. शटर पाव सेकंद ठेवलं की पडणाऱ्या तुकड्याची शेपटी उमटते, आणि प्रतिबिंबांत ती शेपटी कुठे वर जाते, कुठे आडवी. खाली पडणं एकाच दिशेला राहत नाही, ही मजा बघण्यासारखी आहे. हवेचा बुडबुडा राहिला तर राहू द्या.

उजेडाचं थोडक्यात. उत्तरेची खिडकी आणि बटर पेपर, यापलीकडे फारसं लागत नाही. आपल्याकडे खिडक्यांना ग्रिल असते आणि तिच्या सावलीच्या रेघा बटर पेपरवर उतरतात. त्या मी ठेवतो, त्या आमच्या घराच्या आहेत. एलईडी दिवा वापरलात आणि फोटोत आडवे पट्टे आले तर तो कॅमेऱ्याचा दोष. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात.

मालिकेतली सगळी चित्रं बांगड्यांची नसावीत असं मला वाटतं. नळीच्या टोकाची डबी काढून तिथे पारदर्शक काचेची मोठी गोटी बसवा, म्हणजे बाहेरचं जग आत येतं. २४ मिलिमीटरच्या गोटीतलं बाहेरचं उलटं चित्र तिच्या मागे सुमारे सहा मिलिमीटरवर तयार होतं. म्हणजे पट्ट्यांची टोकं गोटीला जवळजवळ टेकवून ठेवली की चित्र नळीच्या तोंडाशीच पडतं आणि सांधे नीट जुळतात. ही नळी घेऊन मी संध्याकाळी तलावपाळीवर बसतो. दिवे लागले की तिथल्या मासुंदा तलावाच्या पाण्यातले दिवे आणि रस्त्यावरचे दिवे यांत फरक राहत नाही. लोक विचारतात, "काका, काय दिसतंय?" त्यांना नळी द्यावी लागते आणि तोवर उजेड जातो. खाडीवरच्या रोहित पक्ष्यांचा प्रयोग तुम्हाला ऐरोलीत घराजवळ म्हणून सुचेल. मी करून बसलोय. गोटीतून सगळं इतकं लहान दिसतं की अख्खा थवा म्हणजे गुलाबी धूळ.

त्यापेक्षा बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये एक सकाळ घालवा, नळी न घेता. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत आखली. एका लहान चौकाभोवती सात घरं, असे तीन चौक मिळून एकवीस घरांचा मोठा चौक, आणि तेच पुढे वाढत जातं. घरांच्या भिंती एकमेकांना जोडलेल्या नाहीत, म्हणून प्रत्येकाला आपलं घर हवं तसं वाढवता यावं अशी सोय. लोकांनी ती पुरेपूर वापरली. आज कुठे वर मजला चढलाय, कुठे पत्रा, तर एखादं घर जवळजवळ मूळ रूपात. आखणी सारखी आणि एकही घर सारखं नाही. माझ्या त्या दोन फुटी चित्रांत काय कमी होतं, ते मला तिथे फिरताना कळलं.

जुन्या आठवणींचा भाग कसा दाखवायचा, असंही तुम्ही विचारलंय. दाखवू नका. फोटो पिवळट करणं, कडा जाळल्यासारख्या करणं, खाली "ते दिवस" लिहिणं, यातलं काही नको. अल्विन लँगडन कोबर्न या छायाचित्रकाराने पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये तीन आरसे त्रिकोणात बांधून त्यातून फोटो काढले आणि १९१७ मध्ये ते प्रदर्शनात मांडले. आरशांखाली स्फटिक आणि लाकडाचे तुकडे. छायाचित्रणातल्या पहिल्या अमूर्त कामांत त्यांची गणना होते. आत खेळण्यातलीच रचना, पण चित्रात खेळणं कुठेच दिसत नाही. तुमच्या चित्रांखाली फक्त तारीख आणि आत काय होतं ते लिहा: "आईच्या दोन हिरव्या, पिंपळाचं पान". वाचणाऱ्याला पुरतं.

निवड करताना निर्दय व्हा. मी दोनशे फोटोंतून एक-दोन ठेवतो. सगळ्यात देखणा फोटो बहुतेक वेळा बाद होतो, कारण तो साडीकडे झुकतो. जिथे एखादा तुकडा अर्धवट अडकलाय, एक पाकळी चुकलीय, तो बघा.

छपाईचं गणित साधं आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा पूर्ण फोटो ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) साधारण १३ बाय १० इंच छापता येतो. तुमचं वर्तुळ त्याचा निम्माच भाग व्यापत असेल तर पाच-सहा इंच धरा. आणि तेवढंच छापा. ही एका डोळ्याने, एकट्याने बघायची गोष्ट आहे, भिंतभर केली की जाते. सुती कागदावर पिगमेंट शाईने छापा, मॅट, चमकदार कागद नको, नाहीतर काळोखात बघणाऱ्याचाच चेहरा दिसेल. माउंटला, म्हणजे फ्रेममध्ये फोटोभोवती येणाऱ्या पुठ्ठ्याला, चौकोनाऐवजी गोल खिडकी कापून घ्या, सगळेच फ्रेमवाले करत नाहीत, विचारावं लागतं. माउंट आम्लरहित असावा आणि छपाई काचेला टेकता कामा नये. एका फ्रेमवाल्याने माझे चार फोटो साध्या सेलोटेपने चारही बाजूंनी चिकटवून दिले. जुलैत कागद दमट हवेने फुगला, टेप हलू देईना, पापडासारख्या लाटा आल्या आणि ऑगस्टपर्यंत दोघांवर बुरशी. कागद फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी टांगलेला हवा, म्हणजे पावसाळ्यात तो खाली मोकळा हलतो. छपाई जानेवारी-फेब्रुवारीत उरकता आली तर उत्तम.

वडिलांची नळी प्रदर्शनात ठेवावी का, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण विचार मनात येणारच. ठेवा, काचेच्या पेटीत नको, टेबलावर, हातात घेता येईल अशी, खिडकीजवळ. फक्त तिला एक मजबूत दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधा. माझी एक नळी अशाच एका छोट्या मुलाच्या खिशातून घरी गेली. त्याच्या आईचा दुसऱ्या दिवशी फोन आला, पण तोवर पठ्ठ्याने ती उघडून बांगड्या मोजल्या होत्या.